बटण आणि आकडा : खिशातल्या यंत्रांचा इतिहास

आजचा विषय वरवर अगदी साधा आहे. आपण कॅल्क्युलेटरवर ७ दाबतो आणि वरच्या पट्टीवर ७ उमटतो. यात तासभर बोलण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटत असेल. पण गंमत अशी आहे की ते दाबणं आणि हे उमटणं या दोन गोष्टींचा एकमेकांशी थेट संबंधच नाही. मधे कुणीतरी बसलेलं आहे. ते आपलं बोट ओळखतं, त्याचा अर्थ लावतं, आणि मग काय दाखवायचं ते ठरवतं. या मधल्या गृहस्थाचा इतिहास आज बघायचा आहे. आपण ज्या यंत्रांवर पैसे मोजतो, औषधं देतो आणि मतं देतो, त्या सगळ्यांत तो बसलेला आहे. म्हणून त्याची ओळख असलेली बरी.

आधी तो नव्हता तेव्हाचं बघू. गोदरेजने १९५५ साली टाइपरायटर बाजारात आणला, आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा टायपिंगचे क्लास जोरात चालायचे. त्या क्लासमध्ये ज्यांनी बोटं दुखवून घेतली आहेत त्यांना हे सांगायला नको. कळ दाबली की बोटाच्याच जोराने तरफ हलते, दांडी उचलली जाते आणि टोकावरचं अक्षर फितीवर आपटून कागदावर उठतं. बोटापासून कागदापर्यंत सलग लोखंड. हळू दाबलं तर अक्षर फिकट. दोन कळा एकदम दाबल्या तर दांड्या एकमेकींत अडकतात, आणि अडकलेल्या डोळ्यांना दिसतात. आकडेमोडीच्या जुन्या यंत्रांचंही तेच. अमेरिकेत डॉर फेल्ट यांनी १८८७ साली ज्याचं पेटंट घेतलं त्या कॉम्प्टोमीटरमध्ये ५ ची कळ दाबली की आतलं चाक पाच घरं पुढे सरकायचं. बेरीज प्रत्यक्षात बोटच करत होतं. चूक झाली तर ती बोटाची किंवा चाकाची. तिसरा कुणी नाही.

इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि बोटाचं हे काम गेलं. १९६७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी, जेरी मेरीमन आणि जेम्स व्हॅन टॅसल यांनी हातात धरता येईल असा कॅल्क्युलेटर तयार केला. त्याचं नाव 'कॅल-टेक'. कळा १८, आणि पडदा नाहीच. उत्तर कागदाच्या पट्टीवर उमटायचं. यात बोट काय करत होतं? फक्त दोन धातूंची भेट घडवून आणत होतं. ही भेट झाली, एवढी बातमी पुढे जायची. बेरीज, वजाबाकी, छपाई हे सगळं दुसरं कुणीतरी करणार.

पण ही बातमी पुढे न्यायची कशी? इथे पहिली अडचण आली, आणि ती अगदी हिशेबी होती. तारांची.

समजा, कळा ३५ आहेत. प्रत्येक कळीची स्वतंत्र तार चिपपर्यंत न्यायची तर चिपला नुसत्या कळांसाठी ३५ पाय हवेत. पायांना पैसे पडतात आणि पाय जागा खातात. त्या काळच्या कितीतरी चिप्सना सगळे मिळून १६ पाय असायचे. मग काय करायचं? कळा ओळींत आणि स्तंभांत मांडायच्या. आडव्या तारा, उभ्या तारा, आणि जिथे दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे एक कळ. आठ ओळी आणि पाच स्तंभ असतील तर चाळीस कळांची सोय होते आणि तारा लागतात फक्त तेरा.

आता या जाळीत कोणती कळ दाबली गेली ते कसं कळणार? शाळेतली हजेरी आठवा. मास्तर पहिल्या ओळीकडे बघून विचारतात, "इथे कुणी आहे का?" म्हणजे चिप पहिल्या आडव्या तारेत वीज सोडते आणि उभ्या तारांकडे बघते. एखाद्या उभ्या तारेतून वीज परत आली तर त्या ओळीतली, त्या स्तंभातली कळ दाबलेली आहे. मग दुसरी ओळ, मग तिसरी. शेवटची ओळ झाली की पुन्हा पहिली. ही हजेरी सेकंदाला कितीतरी वेळा चालते, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही.

म्हणजे बघा, आपली समजूत अशी असते की आपण बटण दाबून यंत्राला हुकूम सोडतो. प्रत्यक्षात यंत्र विचारतं, आणि आपण फक्त "हजर" म्हणतो. आपली ओळ पुकारली जाईपर्यंत आपण दाबून धरलं असेल तरच आपली नोंद होते.

आणि हजेरी म्हटली की प्रॉक्सी आलीच. अशा साध्या जाळीत चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, तर वीज वळसा घालून जाते आणि चौथ्या कोपऱ्यावरची कळसुद्धा दाबल्यासारखी दिसते. तिथे बोट नाही, पण हजेरी लागली. यावर उपाय म्हणजे प्रत्येक कळीपाशी डायोड बसवायचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाईल. त्याला पुन्हा पैसे पडतात. म्हणून स्वस्त यंत्रांमध्ये संशयास्पद हजेरी सरळ सोडून देण्याची पद्धत पडली.

आता ही हजेरी घेतो कोण? जपानच्या बिझिकॉम कंपनीने १९६९ साली टेबलावरच्या कॅल्क्युलेटरसाठी चिप्स बनवायचं काम इंटेलला दिलं. मूळ आराखड्यात वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या खास चिप्स होत्या. इंटेलचे टेड हॉफ यांनी वेगळाच विचार मांडला. चिप एकच आणि सामान्य ठेवू, आणि कळांची हजेरी घेण्यासारखी कामं प्रोग्रॅममध्ये लिहू. स्टॅन्ली मेझर, फेडेरिको फॅजिन आणि बिझिकॉमचे मासातोशी शिमा यांच्या कामातून ती चिप उभी राहिली. तीच इंटेल ४००४. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिची जाहिरात झाली. २३०० ट्रान्झिस्टर आणि पाय फक्त १६. जगातला पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर म्हणून तिचं नाव आपण ऐकतो. आजच्या विषयाच्या दृष्टीने तिचं महत्त्व वेगळं आहे. बटण ऐकणं हे काम तारांकडून लिहिलेल्या सूचनांकडे गेलं. जे लिहिलेलं असतं ते बदलता येतं. आणि त्यात चूकही राहू शकते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, म्हणजे आकड्याकडे. कॅल्क्युलेटरचा आकडा सात रेघांचा असतो. सातही पेटल्या की ८. आठ आकडे दाखवायचे तर सात आठे छप्पन्न रेघा. पुन्हा तारांचा प्रश्न, आणि पुन्हा तीच युक्ती. सगळ्या आकड्यांच्या सारख्या रेघा एकत्र जोडायच्या, आणि एका वेळी एकाच घराला वीज द्यायची. पहिलं घर पेटवा, विझवा. दुसरं पेटवा, विझवा. आठ घरं आणि सात रेघा मिळून पंधरा तारांत काम भागतं. ही फेरी इतक्या वेगाने चालते की आपल्या डोळ्यांना आठही आकडे एकदम पेटलेले दिसतात. लाल आकड्यांचा जुना कॅल्क्युलेटर डोळ्यांसमोरून झर्रकन फिरवला की आकडे तुटक दिसायचे, ते याचमुळे.

आणि आता यातला सगळ्यात सुंदर भाग. १९७१ मध्येच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने कॅल्क्युलेटरचं मुख्य काम एका चिपवर आणलं. या जातीच्या चिप्समध्ये आकड्यांची घरं एकेक करून पेटवणाऱ्या ज्या तारा होत्या, त्याच तारा कळांच्या ओळी पुकारायला वापरल्या. म्हणजे तिसरं घर पेटवताना त्याच विजेने तिसऱ्या ओळीची हजेरीही घ्यायची. दाखवणं आणि विचारणं एकाच फेरीत. गावात दिवाबत्ती करणाऱ्यानेच घरोघरची माणसं मोजून घ्यावीत, तसं.

यानंतरचा प्रसंग एचपी-३५ चा. १९७२ साली ह्युलेट-पॅकार्डने हा खिशात मावणारा शास्त्रीय कॅल्क्युलेटर काढला. किंमत ३९५ डॉलर. कळा ३५, म्हणून नाव एचपी-३५. इंजिनिअर मंडळींच्या हातातली स्लाइडरूल त्याने आणि त्याच्या भावंडांनी काही वर्षांतच घालवली. पण सुरुवातीच्या यंत्रांमध्ये एक दोष निघाला. २.०२ हा आकडा घालून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढायचा आणि लगेच उलट क्रिया करायची, तर उत्तर २.०२ च यायला हवं. यंत्र दाखवायचं २. कळा चोख होत्या. लाल दिवे चोख होते. बोटही चुकलं नव्हतं. चूक मधल्या लिहिलेल्या सूचनांमध्ये होती. टाइपरायटरच्या दांड्या अडकल्या की दिसतात. ही चूक दिसत नव्हती, कारण पडदा तितक्याच झळझळीतपणे २ दाखवत होता. कंपनीने ग्राहकांना कळवून यंत्रं बदलून देण्याची तयारी दाखवली. माझ्या मते, खिशातल्या यंत्रांच्या इतिहासात हा महत्त्वाचा क्षण आहे. पडदा सांगतो ते आणि खरं असेल ते, यांत अंतर असू शकतं, हे इथे विकत घेणाऱ्यांना कळलं.

दरम्यान अडचण विजेची झाली होती. लाल दिवे बॅटरी खात. यंत्र खिशात मावलं, पण काही तासांत चार्जिंगला लावावं लागे. १९७३ साली शार्पने ईएल-८०५ हा एलसीडीचा खिशातला कॅल्क्युलेटर आणला. एलसीडी स्वतः उजेड देत नाही. पडलेला उजेड अडवायचा की सोडायचा एवढंच ती ठरवते. म्हणून एका पेन्सिल सेलवर हा कॅल्क्युलेटर १०० तास चालायचा. आता मास्तरांनाही डुलकी काढता येऊ लागली. पुढच्या कितीतरी यंत्रांमध्ये चिप झोपलेलीच असते. कोणतीही कळ दाबली की आधी तिला जाग येते, आणि मग ती हजेरी घेऊन कोणती कळ ते शोधते. आज टीव्हीचा रिमोट एकाच सेल-जोडीवर महिनोन् महिने चालतो, त्याचं रहस्य हेच.

आता वेळेबद्दल थोडं. आपल्याला वाटतं, बटण एकदा दाबलं म्हणजे एकदाच दाबलं. धातूला तसं वाटत नाही. दोन पत्रे एकमेकांवर आदळले की ते उसळतात. काही हजारांश सेकंदांत जोड-तोड-जोड-तोड असं चार-सहा वेळा होऊन मग ते स्थिरावतात. चिप इतकी चपळ असते की तिला ही प्रत्येक भेट वेगळी दिसते. तिने सगळं खरं मानलं तर एका ३ चे ३३३ होतील. म्हणून प्रोग्रॅम थोडा दम धरतो. "हजर" ऐकू आलं की तो थांबतो, पुन्हा विचारतो, आणि तेच उत्तर आलं तरच नोंद करतो.

किती थांबायचं? फार कमी थांबलं तर एकाचे दोन होतात. फार जास्त थांबलं तर खरोखर दोनदा दाबलेलंही एकच धरलं जातं. हा निर्णय कुणीतरी टेबलापाशी बसून घेतलेला असतो, आणि तो चुकला किंवा कळाच बिघडल्या तर काय होतं त्याचं उदाहरण आहे. २००६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अलारिस एसई नावाचे औषधाचे पंप जप्त केले. शिरेतून ठराविक वेगाने औषध सोडणारी ही यंत्रं. दोष असा, की आकड्याची कळ एकदा दाबली तरी नोंद दोनदा होऊ शकायची. विचार करा, नर्सने तासाला ३ मिलिलिटर म्हणून ३ दाबलं आणि यंत्राने ३३ घेतलं. पडद्यावर ३३ दिसतंय खरं, पण गडबडीच्या वॉर्डात तो आकडा परत वाचण्याइतकी उसंत मिळायला हवी. म्हणून अशा यंत्रांमध्ये आकडा घातल्यावर तो मोठ्या अक्षरांत परत दाखवणं आणि "हेच ना?" असं विचारणं, हा शिष्टाचार नाही. तो सुरक्षिततेचा भाग आहे.

खेळण्यांमध्ये हीच फेरी फार स्पष्ट दिसते. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ साली जपानमध्ये आला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, करड्या-हिरव्या चार छटांचा. बटणं आठ: चार दिशा, आणि ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट. ती वाचायला आठ तारा नव्हत्या. दोन तारा पुकारायच्या आणि चार ऐकायच्या. सहांत आठांचं काम. पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रेखला जायचा, आणि बहुतेक खेळ प्रत्येक वेळी एकदा बटणांची हजेरी घ्यायचे. विचार, ठरव, दाखव. विचार, ठरव, दाखव. मुलाला वाटायचं, मी उडी मारली. खरं म्हणजे त्याचं बोट पुढच्या हजेरीत सापडलं, उडीचा हिशेब झाला आणि त्यानंतरच्या चित्रात माणूस वर दिसला. हे सगळं एक-दोन चित्रांच्या आत झालं तर हाताला ती आपली उडी वाटते. उशीर झाला की तेच मूल म्हणतं, "हे अडकतंय." म्हणजे यंत्रावरचा आपला ताबा ही एक भावना आहे, आणि ती वेळेचं गणित जमवून तयार केलेली असते.

मग मोबाइल आला. २००० सालच्या नोकिया ३३१० चा पडदा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा होता. आकड्यांच्या कळांवरच अक्षरं बसवलेली. २ एकदा दाबला की ए, दोनदा दाबला की बी, तीनदा दाबला की सी. आता इथली गंमत बघा. कॅल्क्युलेटरमध्ये यंत्राला दोनदा दाबणं आणि धातू उसळणं यांत फरक करावा लागत होता. इथे दोनदा दाबण्याचेच दोन अर्थ. पटापट दाबलं तर बी, मधे थांबलात तर दोन ए. किती थांबलं म्हणजे थांबलं, हे पुन्हा त्या मधल्यानेच ठरवायचं.

आणि मराठी? इंग्रजी लहान अक्षर सात-आठ ठिपक्यांच्या उंचीत बसतं. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार लागतो. ४८ ठिपक्यांत ओळीच कमी बसतात. एका कळीवर चार-पाच व्यंजनं दाटीवाटीने बसवलेली, काना-मात्रा वेगळ्या कळीवर, जोडाक्षराला हलन्त वेगळा. त्यात इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा, आणि देवनागरीचा फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जाणार. म्हणजे तोच निरोप मराठीत लिहिला की दोन-तीन एसएमएसचे पैसे. आपण सगळे रोमन लिपीत मराठी लिहायला लागलो. लोकांना आपल्या लिपीचं प्रेम नाही अशी तक्रार तेव्हा व्हायची. प्रेमाचा प्रश्न नंतरचा होता. बोट आणि पडदा यांच्यामधे जे काही ठरवलं होतं, त्यात आपली लिपी महाग आणि अवघड पडत होती.

आता तर बटणंच गेली, असं आपण म्हणतो. पण गेली का? २००७ साली आयफोन आला आणि काच दाबायची पद्धत घरोघर गेली. ही कल्पना त्याहून बरीच जुनी. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत बेंट स्टम्प आणि फ्रँक बेक यांनी १९७० च्या दशकात नियंत्रण-कक्षासाठी अशी काच बनवली होती. आजच्या फोनच्या काचेखाली काय आहे? डोळ्यांना न दिसणाऱ्या आडव्या आणि उभ्या तारा. तीच जाळी. एकेका ओळीत संकेत सोडायचा आणि उभ्या तारांवर ऐकायचं. बोट जवळ आलं की त्या छेदापाशी साठणाऱ्या विद्युतभारात किंचित बदल होतो. हजेरी अजून चालूच आहे. फक्त आता उत्तर "हजर" किंवा "गैरहजर" असं स्वच्छ येत नाही. बदल किती झाला म्हणजे बोट म्हणायचं, हे प्रोग्रॅम ठरवतो. जुलैत लोकलच्या दारात उभं राहून पैसे पाठवायचा प्रयत्न केलाय का कधी? काचेवर पावसाचे थेंब असतात, बोट ओलं असतं, आणि फोन भलतीकडेच जातो. थेंबही जाळीत बदल घडवतात. यंत्राला तुमचं बोट आणि पावसाचं बोट वेगळं करायचं असतं.

शेवटी एक यंत्र आपलं, भारतीय. मतदान यंत्र. १९८२ साली केरळमधल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. कायद्यात तरतूद नव्हती म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथलं यंत्रावरचं मतदान रद्द ठरवलं, आणि नंतर कायदा बदलला. त्याच्या रचनेत आपल्या पवईचा, आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात आहे. राजकीय वादात आज शिरायचं नाही. फक्त बटण बघू. मतदार निळं बटण कितीही दाबो, केंद्रावरच्या अधिकाऱ्याने आपल्याकडची 'बॅलट' कळ दाबल्याशिवाय यंत्र ऐकतच नाही. ऐकायला तयार झालं की हिरवा दिवा. मत दिलं की उमेदवाराशेजारी लाल दिवा आणि लांब शिट्टी. त्यानंतर कितीही दाबा, नोंद नाही. एका माणसाला एकच "हजर", हे लोकशाहीचं तत्त्व बटणाच्या पातळीवर उतरवलेलं आहे.

पण तो लाल दिवा काय सांगतो? यंत्राला काय कळलं, ते. यंत्राने आत काय लिहून ठेवलं, ते दिव्यावरून सिद्ध होत नाही. हा तोच २.०२ चा प्रश्न. म्हणून २०१३ साली नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा कागदी चिठ्ठीचं यंत्र जोडलं गेलं. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. लोखंडाची सलग दांडी आपण सोडून बराच काळ लोटला, आणि गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती तेव्हा आपण पुन्हा कागद मागितला. यात मागासलेपण काही नाही. मधल्या माणसाला हिशेब विचारण्याची ही जुनी, खात्रीची रीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्र चांगलं की वाईट हे त्याच्या बटणांवरून किंवा पडद्यावरून ठरत नाही. काय ऐकलं, काय ठरवलं आणि काय दाखवलं, हे तिन्ही वेगवेगळं तपासता येतं का, यावरून ते ठरतं. कॅल्क्युलेटरमध्ये ते नसलं तर गणित चुकेल. पंपात नसलं तर माणूस जाईल. आणि मतपेटीत नसलं तर निकाल बरोबर असूनही कुणी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता प्रश्न असतील तर घेऊ.